अतिविशालकोनी भिंगे व जुने फिल्म-कॅमेरे

ज्या छायाचित्रण-भिंगाचे दृष्टिक्षेत्र चौकटीच्या कर्णाच्या दिशेने सुमारे ९० अंश किंवा त्याहून अधिक असते आणि तरीही ज्याच्या प्रतिमेत सरळ रेषा सरळच उमटतात, त्या भिंगास अतिविशालकोनी भिंग म्हणतात. ३५ मिमी. फिल्मवरील २४ × ३६ मिमी. चौकटीसाठी सर्वसाधारण भिंगाचे केंद्रांतर ५० मिमी. व दृष्टिक्षेत्र सु. ४७ अंश असते. केंद्रांतर २१ मिमी. केले, तर ते ९२ अंश आणि १५ मिमी. केले, तर ११० अंश होते. सरळ रेषा वाकवून संपूर्ण अर्धगोल सामावून घेणारे मत्स्यनेत्र भिंग या वर्गात मोडत नाही.

दूरवर पसरलेले निसर्गदृश्य टिपण्यासाठी ही भिंगे निर्माण झाली, असा समज आहे. तो बराचसा चुकीचा आहे. डोंगर टिपणाऱ्यास मागे सरकता येते. मागे सरकण्यास जागा नसते ती इमारतीच्या आत, अरुंद गल्लीत, खाणीत, जहाजात आणि कारखान्यात. छायाचित्रकाराची पाठ भिंतीला टेकली की उरतो तो एकच उपाय, भिंगाचा कोन वाढविणे. महाराष्ट्रात ही अडचण प्रथम जाणवली ती लेण्यांमध्ये. शंभर वर्षांनंतर तीच अडचण पुण्याच्या वायव्येस पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पुन्हा उभी राहिली. कार्ल्याचा चैत्य या पट्ट्यापासून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने अवघ्या चाळीसएक किलोमीटरवर आहे. ही दोन स्थळे एकत्र पाहिली असता या भिंगांचा उपयोग जसा कळतो, तशी त्यांनी घातलेली भूलही कळते.

लेणी व आरंभीचे छायाचित्रण : मुंबईत १८५४ साली छायाचित्रण-संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातील प्रमुख भारतीय छायाचित्रकार होत. लेण्यांच्या बाबतीत मेजर रॉबर्ट गिल यांचे काम अग्रेसर आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी त्यांची १८४४ मध्ये नेमणूक झाली होती. या प्रतिकृतींपैकी बहुतेक लंडनजवळच्या सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. दरम्यान गिल छायाचित्रणाकडे वळले होते आणि त्यांची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या शैलगृहांवरील ग्रंथात १८६४ साली प्रसिद्ध झाली.

त्या काळी ओल्या कलोडियनची काचपट्टी जागेवरच तयार करून ती ओली असतानाच वापरावी व धुवावी लागे. तिची संवेदनक्षमता अल्प असे आणि लेण्यांत उजेडही अल्पच. आरशांनी ऊन आत वळविणे, हा एक उपाय होता. मॅग्नेशियमची तार जाळून मिळणारा प्रकाश हा दुसरा. चार्ल्स पियाझी स्मिथ यांनी १८६५ मध्ये ईजिप्तच्या महापिरॅमिडच्या अंतर्भागाची छायाचित्रे याच प्रकाशात घेतली. प्रकाशाची सोय अशी करता येत असे. कोनाची मात्र करता येत नसे. कार्ल्याच्या चैत्यगृहाचा दर्शनी मंडप सु. १५ फूट खोल आणि ५० फुटांहून अधिक रुंद आहे. त्याच्या बाह्य कडेशी उभे राहून आतील शिल्पयुक्त भिंत एका चौकटीत घ्यावयाची, तर आडव्या दिशेने सु. ११८ अंशांचा कोन लागतो. त्या काळच्या सामान्य भिंगाला याच्या निम्मा कोनही साधत नसे. याहून मागे जावे, तर मधली दगडी पडदी आड येते आणि त्याही पुढे एकवीरा देवीचे मंदिर. परिणामी कार्ल्याची जुनी छायाचित्रे बहुधा तिरकी किंवा भागाभागांची आहेत. फर्ग्युसन व जेम्स बर्जेस यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथात मोजणी करून काढलेले नकाशे व छेद दिले आहेत. आलेखकाला आड येणारी भिंत कागदावरून वगळता येते. छायाचित्रकाराला ती मुभा नाही. या नकाशांचे महत्त्व पुढे येईल.

भिंगरचनेचा विकास : कोन वाढविण्याचा एक विलक्षण प्रयत्न टॉमस सटन यांनी १८५९ मध्ये केला. दोन जाड काचांमधील गोल पोकळीत पाणी भरलेले त्यांचे भिंग सु. १२० अंशांचे दृश्य देई. पण त्यासाठी वक्र काचपट्टी लागे आणि ती तयार करणे, धुणे व छापणे हे सर्वच जिकिरीचे होते. न्यूयॉर्कच्या हॅरिसन व श्निट्झर यांनी १८६२ मध्ये पेटंट घेतलेल्या ‘ग्लोब’ भिंगाचे बाह्य पृष्ठभाग एकाच गोलाचे भाग होते. द्वारकाच्या दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखी, द्वारकाकडे अंतर्वक्र असलेली भिंगे ठेवण्याची त्यातील कल्पना पुढील शंभर वर्षे टिकली. अशा सममित रचनेत पुढच्या अर्ध्या भागाने रेषांत आणलेली वक्रता मागचा अर्धा भाग नाहीशी करतो.

या कल्पनेचे टोक म्हणजे एमिल फोन ह्योग यांनी बर्लिनच्या गोअर्झ कंपनीसाठी रचलेले ‘हायपरगॉन’ (१९००). यात केवळ दोन पातळ, जवळजवळ अर्धगोलाकार काचा असून त्यांचे दृष्टिक्षेत्र १३५ अंश होते. गोलीय व वर्ण विपथनांचे निवारण त्यात नसल्यामुळे ते एफ/२२ किंवा त्याहून लहान द्वारकावरच वापरावे लागे. त्याची खरी अडचण निराळीच होती. तिरक्या कोनातून येणारा प्रकाश कोनाच्या कोज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात क्षीण होतो. ९० अंशांच्या भिंगात चौकटीच्या कोपऱ्यावर मध्याच्या एकचतुर्थांश, ११० अंशांच्या भिंगात सु. एकनवमांश आणि हायपरगॉनमध्ये सु. १/४७ एवढाच प्रकाश पोहोचतो. म्हणजे मध्यभाग बरोबर उमटला, तर कोपरे काळे. कोपरे उमटावेत, तर मध्यभाग करपून जाणार. यावर योजलेला उपाय मोठा गमतीदार होता. भिंगासमोर दातेरी चांदणीच्या आकाराचे एक लहानसे चक्र बसविलेले असे. रबरी फुगा दाबून नळीवाटे हवा सोडली की ते गरगर फिरे व मध्यभागाचा प्रकाश अडवी. उद्भासनाचा (फिल्म वा पट्टीवर प्रकाश पडू देण्याचा) बराचसा काळ लोटला की ते खाली पाडून उरलेले उद्भासन पूर्ण करीत. आजच्या मध्य-गडद गाळणीचे काम ते चक्र करीत असे.

पुढील प्रगती हवाई मोजणीच्या गरजेतून झाली. रॉबर्ट रिख्टर यांचे ‘टोपोगॉन’ (१९३३) विमानातून नकाशे करण्यासाठी होते. रशियन संशोधक मिखाईल रुसिनोव्ह यांनी १९४० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले, की टोकांस मोठी अपगामी भिंगे ठेवल्यास तिरक्या किरणांसाठी द्वारक जणू मोठे होते आणि कोपऱ्यांतील अंधार बराच कमी होतो. याच दिशेने लूटव्हिख बेर्टेले यांनी त्साइस कंपनीसाठी ‘बायोगॉन’ रचले. १९५४ मध्ये ते दोन रूपांत बाजारात आले : काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी २१ मिमी. आणि हॅसलब्लाडच्या खास विशालकोनी कॅमेऱ्यासाठी ३८ मिमी. श्नायडर कंपनीचे लायकासाठीचे २१ मिमी. ‘सुपर-अँग्युलॉन’ १९५८ मध्ये आले. त्साइसने १९६९ मध्ये १५ मिमी. ‘होलोगॉन’ भिंग कायमचे जडविलेला कॅमेराच विकावयास काढला. त्याचे द्वारक एफ/८ वर पक्के होते व केंद्रीकरणाची सोय नव्हती, कारण गरजच नव्हती : अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सर्व काही स्पष्ट येई. कॅमेऱ्यास मूठ दिलेली होती, कारण ती नसती, तर धरणाऱ्याची बोटे चित्रात आली असती.

या सर्व सममित भिंगांचा मागचा भाग फिल्मच्या अगदी जवळ, काही वेळा झडपेपासून काही मिलिमीटरांवर येतो. त्यामुळे आरसा असलेल्या, म्हणजे एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यावर ती बसत नाहीत. निकॉन एफ (१९५९) या कॅमेऱ्यासाठी निघालेले पहिले २१ मिमी. भिंग आरसा वर अडकवून ठेवूनच लावावे लागे. मग दृश्य पाहण्यासाठी वर निराळा दृश्यदर्शक बसवावयाचा. या अडचणीवरील दुसरा मार्ग चित्रपटसृष्टीने दाखविला होता. टेक्निकलर कॅमेऱ्यात भिंगामागे लोलक असल्याने तेथेही जागा लागे, म्हणून पुढे अपगामी व मागे अभिगामी भिंगसमूह असलेली उलट दूरभिंगाची रचना १९३० नंतरच्या दशकात वापरात आली. पॅरिसच्या पिएर आंझेन्यू यांनी १९५० मध्ये ती स्थिर छायाचित्रणात आणली. १९७० नंतर या मार्गाने जपानी कारखान्यांनी १५ व १३ मिमी.पर्यंत मजल मारली. निकॉनच्या १३ मिमी. भिंगाचे (१९७६) वजन सव्वा किलोच्या आसपास होते. कर्णावर ११८ अंश देणारे हे भिंग आडव्या दिशेने १०८ अंशच व्यापते. कार्ल्याच्या मंडपाला तेही अपुरेच पडले असते.

कारखान्यांचा पट्टा : पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी उद्योग १९५४ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये अस्तित्वात आल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांच्या शेतजमिनींवर स्वयंचलित वाहने, यंत्रे, एंजिने व त्यांचे सुटे भाग यांचे कारखाने झपाट्याने उभे राहिले. या वाढीतूनच १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००९-१० च्या सुमारास मोटारींचे मोठे कारखाने चाकणला आले आणि हा पट्टा भीमा नदीच्या खोऱ्यापर्यंत लांबला.

नव्या कारखान्याला छायाचित्रे लागतात : वार्षिक अहवालासाठी, ग्राहकांसाठी, कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी आणि उद्‌घाटनाच्या स्मरणिकेसाठी. औद्योगिक छायाचित्रण ही भारतात स्वतंत्र शाखा म्हणून रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने मुंबईचे मित्तर बेदी (१९२६–८५) यांना दिले जाते. १९६० च्या आगेमागे त्यांनी या कामास वाहून घेतले. पोलाद, रसायने व खते यांच्या कारखान्यांतील नळ्या, टाक्या आणि सांगाडे त्यांच्या कृष्णधवल चित्रांत भूमितीच्या आकृत्यांसारखे उभे राहतात. त्यांच्या कामाचा नमुना त्या पिढीतील व्यावसायिक छायाचित्रकारांपुढे होता.

यंत्रशाळेची रचना छायाचित्रकाराला फारशी अनुकूल नसते. खांबांच्या दोन रांगांत यंत्रे दाटीने मांडलेली, मध्ये ढकलगाडीपुरता रस्ता, वर यारीचे रूळ, आणि करवतीच्या दात्यांसारख्या छपरातून उत्तरेकडचा उजेड. समजा, पंधरा मीटर रुंदीच्या दालनात यंत्रापासून तीन मीटरांवरच पाठीला भिंत लागते. मग यंत्रांची ओळ आणि छप्पर दोन्ही यावीत, तर ९० अंशांखालील भिंग निरुपयोगी ठरते. अशा कामाला ४ × ५ इंची फिल्म-पट्टीचा, भात्याचा कॅमेरा व त्यावर ९० मिमी.चे विशालकोनी भिंग ही जोडी योग्य समजली जाई, कारण त्यात फिल्म उभी ठेवून केवळ भिंग वर सरकविता येते. हे न करता कॅमेराच वर झुकविला, तर खांब एकमेकांकडे कलतात. कोन जितका मोठा, तितका हा कल अधिक डोळ्यांत भरतो. लहान कॅमेऱ्यात सरकते भिंग नसल्याने तो पाणसळीने समतल धरणे, एवढाच मार्ग उरतो. होलोगॉन कॅमेऱ्यावर पाणसळ मुद्दाम बसविलेली असे, ती याचसाठी.

पुराव्याचे वाचन : या भिंगांनी घेतलेल्या चित्रांवरून भूतकाळ वाचताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट खोलीची. चित्रातील यथादर्शन केवळ कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. भिंगाने ते बदलत नाही. मात्र चित्र योग्य अंतरावरून पाहिले, तरच ते खरे वाटते आणि हे अंतर म्हणजे केंद्रांतर गुणिले विवर्धन. १५ मिमी. भिंगाची निगेटिव्ह दहापट मोठी केली, तर ३६ सेंमी. रुंदीचे चित्र १५ सेंमी.वरून पाहावयास हवे. इतक्या जवळून कोणीच पाहत नाही. ते हातभर अंतरावरून पाहिले की दालनाची खोली सु. अडीच पट वाढल्यासारखी भासते. साठ मीटरांची शाळा दीडशे मीटरांची वाटते. उद्योजकाला हे सोईचे असे, हे सांगावयास नको. छायाचित्रकाराने त्यासाठी काही लबाडी केलेली असे, असे मात्र नव्हे.

दुसरी कडेच्या आकारांची. सरळ रेषा सरळ राखण्याची किंमत म्हणून कडेला येणारे गोल पदार्थ लंबगोल होतात. १५ मिमी. भिंगात डाव्या-उजव्या कडेवरील मनुष्याचे डोके सु. दीडपट रुंद दिसते. म्हणून जाणते छायाचित्रकार माणसांना मध्याजवळ आणि सपाट वस्तूंना कडेला ठेवीत. जुन्या समूहचित्रांत साहेब मध्यभागी सडपातळ आणि टोकाचे कामगार बसके व रुंद दिसतात, त्याचे कारण पुष्कळदा अधिकाराच्या उतरंडीइतकेच प्रकाशशास्त्रातही असते.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. मंद उजेडाच्या दालनात १०० संवेदनांकाची फिल्म आणि एफ/८ द्वारक असता सु. दोन सेकंदांचे उद्भासन लागते. एफ/२२ वर ते पंधरा सेकंदांवर जाते आणि मध्य-गडद गाळणी लावल्यास आणखी दुप्पट ते चौपट. एवढ्या वेळात स्थिर असलेली यंत्रे कोरल्यासारखी उमटतात. चालत जाणारा कामगार उमटतच नाही. लेथवर वाकलेला कामगार हात-डोके हलवीत असेल, तर त्याच्या जागी धुरकट डाग राहतो. कामगारांना स्तब्ध उभे करणे किंवा सुटीच्या वेळेत चित्र घेणे, हे त्यावरील दोन उपाय. पण पहिल्यात काम दिसत नाही आणि दुसऱ्यात माणसे. त्यामुळे १९६०–८० या काळातील यंत्रशाळांची अनेक चित्रे निर्मनुष्य आहेत. त्यांवरून तेथे थोडी माणसे काम करीत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्या दालनांत पाळीपाळीने शेकडो लोक राबत होते. त्यांना न टिपण्याचे कारण द्वारकात व झडपेत होते.

लेण्याच्या चित्राची अशी शहानिशा सहज करता येते. कार्ल्याचा सभामंडप सु. १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि ४६ फूट उंच आहे, हे मोजणीने ठाऊक आहे आणि नकाशा छापील आहे. चित्रात कोणता खांब कोणत्या खांबाआड नेमका लपतो, ते पाहून नकाशावर त्या दोहोंतून रेषा ओढावी. अशा दोन रेषा जेथे छेदतात, ती कॅमेऱ्याची जागा. तेथून चौकटीच्या कडांपर्यंतचा कोन मोजला की भिंगाचा कोन मिळतो, आणि मग बाकीच्या मापांवर विश्वास टाकता येतो. कारखान्यांच्या दालनांचे नकाशे मात्र प्रसिद्ध झालेले नसतात. पट्ट्यातील कित्येक जुन्या शाळा पाडल्या गेल्या आहेत व त्यांच्या जागी निवासी संकुले उभी राहिली आहेत. दोन हजार वर्षांचे लेणे मोजून तपासता येते आणि साठ वर्षांची यंत्रशाळा येत नाही, अशी ही स्थिती आहे. जेथे केवळ चित्र शिल्लक राहिले आहे, तेथे निगेटिव्हच्या पाकिटावर लिहिलेले भिंगाचे केंद्रांतर हाच दालनाच्या आकाराचा एकमेव दुवा असू शकतो. खांबांमधील अंतर समान असल्याने तेवढ्या एका आकड्यावरून प्रमाणे काढता येतात, आणि एका खांबाचे वा यंत्राचे खरे माप मिळाले, तर मीटरांतील मापेही. मात्र छापताना चित्राच्या कडा कापलेल्या असल्या, तर तोही आधार जातो. म्हणून संग्रहकाराने छापील चित्रापेक्षा संपूर्ण निगेटिव्ह जपणे अधिक महत्त्वाचे होय.

सांप्रतचा वापर : एकविसाव्या शतकात फिल्म मागे पडली. ऊटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स (स्था. १९६०) बंद पडली आणि कृष्णधवल फिल्मही पुन्हा आयातीवर आली. तरीही जुनी सममित भिंगे जुन्या कॅमेऱ्यांवर वापरणारे छायाचित्रकार आहेत, आणि त्यामागे केवळ हौस नाही. या भिंगांतून येणारे किरण कडेला फार तिरके पडतात. फिल्मचे पायस ते निमूटपणे स्वीकारते. अंकीय कॅमेऱ्याच्या संवेदकावर मात्र कडांना जांभळट वा हिरवट झाक येते व तपशील विसविशीत होतो. म्हणजे ही भिंगे ज्या फिल्मसाठी घडविली गेली, तिच्यावरच ती आजही पूर्णपणे उतरतात. कोसिना या जपानी कंपनीने १९९९ मध्ये फोक्टलेंडर नावाने काढलेले १५ मिमी. भिंग लायकाच्या जुन्या आट्याच्या कॅमेऱ्यांवर बसते. त्यामुळे १९३० नंतरच्या दशकातील कॅमेऱ्यालाही ११० अंशांची दृष्टी मिळाली.

वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. दृश्यदर्शक वेगळा असल्याने जवळच्या वस्तू चौकटीत सरकतात. अंतर मोजण्याची गरज बहुधा पडत नाही : २१ मिमी. भिंग एफ/८ वर ठेवून १.८ मी.वर केंद्रित केले की सु. ०.९ मी.पासून पुढचे सर्व स्पष्ट येते. लायका एम ५ (१९७१) सारख्या कॅमेऱ्यात प्रकाशमापकाची दांडी भिंगामागे येत असल्याने खोल घुसणारी जुनी भिंगे त्यावर लावू नयेत. विकत घेण्यापूर्वी, मग ते मुंबईच्या बोरा बाजारातील दुकानात असो वा अन्यत्र, भिंगातून विजेरीचा झोत आरपार टाकून पाहावा. पावसाळ्यातील दमट हवेत मावळ व कोकण भागांत काचांवर बुरशीचे जाळे चढते, आणि ते मागच्या काचेवर असेल, तर या प्रकारच्या भिंगात फिल्मच्या अतिशय जवळ असल्याने त्याची छाया चित्रात उतरते.